'स्मृतिचित्रां'तील चूल

ख्रिस्ती स्त्रीची श्रद्धा म्हटली की मराठी समीक्षेला धर्मांतराचा दिवस तेवढा आठवतो. त्यानंतरची रोजची भाकरी आठवत नाही. ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधली पाच वर्षे हाच आमच्या मते 'स्मृतिचित्रां'चा गाभा होय. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, कोणाच्या पंक्तीला बसावे, हे प्रश्न त्यांनी पोथीत नव्हे, चुलीपाशी सोडवले. सोवळे आधी सुटले, बाप्तिस्मा मागून आला. पुढे अनाथ मुले घरात आली, तेव्हा श्रद्धेची गाठ पुन्हा पातेल्याशीच पडली. (विनोदी लेखिका म्हणून बाईंची बोळवण करणाऱ्यांनी हे पाहावे.)

घाट उतरले की परतवाड्याजवळ कोठाऱ्याचे कुष्ठरुग्णालय आहे. तिथे जखमा धुणाऱ्या परिचारिकेला प्रार्थना वेगळी करावी लागत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

चिखलदऱ्यात भर पावसात हे पुस्तक वाचत असता एका कोरकू ख्रिस्ती विद्यार्थिनीने विचारले, "लक्ष्मीबाईंना माहेरचे सण आठवत नसतील का, सर?" मग स्वतःच म्हणाली, "आईला आठवतात."