गाडीखालचा माणूस

परवा पुण्याहून नगरला विजेवरच्या 'शिवाई'ने गेलो. गाडी सुटलेली कळलीच नाही. घरघर नाही, काचांची थडथड नाही, डिझेलचा वास नाही. नाना असते तर बेचैन झाले असते. आवाजच नाही म्हटल्यावर गाडीचं दुखणं कळायचं कसं?

नाना, म्हणजे आमचे वडील, एसटी डेपोत मेकॅनिक. मुक्कामी गाडी सकाळी चौकात वळली, की अंथरुणातूनच म्हणायचे, "क्लच प्लेट गेली हिची." गाड्या दिवसभर रस्त्यावर, त्यामुळे मोठी कामं रात्री निघत. आम्ही शाळेला निघायचो तेव्हा नाना नुकते झोपलेले असायचे.

ताईच्या लग्नाला संगमनेरहून नारायणगावला निघालो होतो, करारावर घेतलेल्या एसटीने. चंदनापुरी घाटात गाडी बंद पडली. ड्रायव्हरच्या आधी नाना उतरले, नव्या कोऱ्या सफारीत. डिझेलच्या लाइनीत हवा धरली होती. स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग निर्भेळ धार. धार लागली की स्क्रू आवळायचा. एवढंच काम, पण तोवर बाह्या कोपरापर्यंत माखल्या.

मांडवाच्या दारात व्याहीभेट. नवरदेवाच्या मामांनी ते हात पाहिले आणि गळाभेट टाळून लांबूनच नमस्कार केला. नाना हसले. माझा राग अजून गेलेला नाही.

राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ रोजी याच नगर-पुणे रस्त्यावर धावली. पहिली शिवाईही इथेच, २०२२ च्या १ जूनला. हार घालायचे ते गाडीलाच. तिच्याखाली उताणा पडलेला माणूस कुणाला दिसतो?

सफारी आईने रॉकेलात भिजवली, डाग काही निघाले नाहीत. तिची तक्रार मात्र वेगळीच. एसटीवाल्यांच्या घरच्यांना फुकट पास असतो. पण आषाढी आली की जादा गाड्या, आणि जादा गाड्या म्हणजे नानांची रजा बंद. नानांनी उभ्या केलेल्या गाड्यांतून सगळा गाव पंढरपूरला जायचा आणि पासवाली घरीच. निवृत्तीनंतर दोघं एकदाची गेली. तिथेही नाना स्टँडवर एका बंद गाडीच्या बॉनेटमध्ये डोकं घालून उभे राहिले आणि परतीची गाडी चुकली. हे ती आल्यागेल्याला ऐकवते.

मामांबद्दल मात्र ती अवाक्षर काढत नाही. ते खातं तिने माझ्याकडे दिलंय.