शून्याचा नकाशा

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. लिहीन लिहीन म्हणता राहूनच गेली.

दुपारचे चार. सिडकोतल्या आमच्या घराच्या अंगणात भाचा मोटारसायकलची सीट काढून बसलेला, मांडीवर लॅपटॉप. "मामा, नवा मॅप चढवतोय. दोनच मिनिटं!"

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हल्लीच्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटर नसतो. २००६ ची हीरो होंडा ग्लॅमर एफआय, २००७ ची पल्सर २२० डीटीएस-एफआय या आपल्याकडच्या सुरुवातीच्या इंजेक्शनवाल्या. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि जवळपास सगळ्याच तशा झाल्या. पेट्रोल किती सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवतो. बाहेरून विकत आणलेला ट्यूनर या संगणकाच्या आणि इंजेक्टरच्या मध्ये बसतो आणि हुकूम जरा बदलून पुढे धाडतो. मॅप म्हणजे नुसता आकड्यांचा तक्ता. एकीकडे ॲक्सिलरेटर किती पिळला ते, दुसरीकडे इंजिनाचे फेरे. चौकटीत ५ असेल तर पाच टक्के जास्त पेट्रोल, उणे ५ असेल तर पाच टक्के कमी. शून्य म्हणजे कंपनीने ठरवलं तेवढंच.

भाच्याने मॅप नेटवरून उतरवलेला. मॉडेल तेच, पण बनवणारा कुणी परदेशातला. ट्यूनर बसवताना ऑक्सिजन सेन्सर काढून ठेवलेला, सायलेन्सरही बदललेला. स्टार्टर दाबला आणि काय आवाज! स्वारी खूश.

संध्याकाळी मला मागे बसवून खुलताबादकडे निघाला. पडेगाव, मिटमिटा, सगळं झकास. दौलताबादचा घाट लागला आणि गाडी अडखळायला लागली. ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फटफट. इंजिनाची धग पायाला लागत होती. अर्ध्यातून परत फिरलो.

बाबा ओट्यावरच होते. वाळूजच्या एका कारखान्यात त्यांचा जन्म गेला. आमच्या चेतकचा कार्ब्युरेटर ते नुसत्या कानाने लावायचे. स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, मग मान डोलवायची. आता ऐकू कमी येतं. त्यांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं, चालू गाडीच्या टाकीवर तळहात टेकवला आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"उपाशी आहे रे ही. गार झाली की प्लग काढ."

प्लग पांढराफटक निघाला. एवढ्यावर पक्कं निदान होत नाही, खरं मोजमाप डायनोवरच. पण मग आम्ही तिघांनी तक्ता नीट वाचला. घाटात गाडी जिथे चालत होती, त्या चौकटींत उणे आकडे! त्या माणसाने ते त्याच्या सायलेन्सरसाठी, त्याच्या पेट्रोलसाठी भरले असणार. आपल्याकडे २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. साध्या पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला सुमारे साडेतेराच. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन जास्त हवं, आणि हा मॅप कमी देत होता. कमी पडतंय हे सांगणारा सेन्सर तर डब्यात! असंच रेटलं असतं तर एखाद्या दुपारी पिस्टन गेला असता. भर रस्त्यात.

भाच्याने मुकाट्याने सगळ्या चौकटी शून्य केल्या. सेन्सर जोडला, जुना सायलेन्सर चढवला. "आजोबा, शून्य म्हणजे हरल्यासारखं वाटतं."

बाबा म्हणाले, "शून्य म्हणजे आधी कुणीतरी मोजलंय. तुला बदलायचं तर तूही मोज."

आता एक कबुली. त्या रात्री जेवताना भाच्याला मी समजावणार होतो, की इथे काय ठेवलंय, मी गेलो तसा पुण्याला जा, हा कोर्स कर, मग ही नोकरी. सगळा तक्ता तोंडपाठ होता. ताईनेच मला तसं सांगून ठेवलेलं.

समोर पोरगं मान खाली घालून जेवत होतं. नखांत अजून काळं. मी विचारलं, "तुला काय करावंसं वाटतं रे?"

तो चांगला अर्धा तास बोलला. बाबांनी यंत्र परत कानात घातलं होतं.

ताई, तू हे वाचशीलच. रागावू नकोस. उरलेलं फोनवर बोलू.