चूल मोडताना

"काय काम करतेस गं तिथे?" आईने फोनवर विचारलं.

"चुली मोडते."

पलीकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ती म्हणाली, "असं बोलू नये."

तिचं बरोबर होतं. आपल्याकडे चूल मोडणं म्हणजे संसार मोडणं. पण योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या रानात इंटर्न म्हणून त्या उन्हाळ्यात मी जे केलं, त्याला दुसरा सरळ शब्द मला आजही सापडत नाही.

योसेमिटी म्हटलं की लोकांना दरी आठवते, धबधबे आठवतात, गाड्यांची रांग आठवते. उद्यानाचा जवळपास 95 टक्के भाग मात्र 1984 पासून कायद्याने 'विल्डरनेस' आहे. तिथे रस्ता नाही, मोटार नाही, यंत्राची करवतही चालत नाही. लागेल ते पाठीवर न्यायचं. आमचा तळ टुऑलमी मेडोजला, साधारण 8,600 फुटांवर. तिथून वीसेक किलोची सॅक घेऊन आम्ही चार-पाच दिवस आत जायचो. वाटेत भेटणाऱ्यांचे परवाने बघायचे, पाण्यापासून शंभर फुटांच्या आत लावलेले तंबू हलवायला लावायचे, आणि जिथे जिथे बेकायदा चूल दिसेल तिथे ती मोडायची. 9,600 फुटांच्या वर उद्यानात शेकोटीला बंदीच आहे.

मी सह्याद्रीत फिरत वाढले. रतनगडाच्या गुहेत चिंब भिजून पोहोचावं आणि कुणीतरी मांडून ठेवलेली तीन दगडांची चूल, कोपऱ्यात रचलेला कोरडा लाकूडफाटा दिसावा, यासारखं सुख नाही. त्या अनोळखी माणसाला आम्ही मनोमन दुवा द्यायचो. निघताना चूल तशीच ठेवायचो, लाकूडफाटा भरून ठेवायचो. त्यामुळे पहिल्या चुलीपुढे गुडघे टेकले तेव्हा माझा हात पुढे होईना.

आमच्या क्रू लीडरने घाई केली नाही. तिने मला शेजारचं झाड दाखवलं. व्हाइटबार्क पाइन, जेमतेम माझ्या उंचीचं. या उंचीवर बर्फ निघून पुन्हा पडेपर्यंत जे थोडे आठवडे मिळतात, तेवढ्यातच झाड वाढतं. त्याची वाळकी फांदी खाली पडते आणि वर्षानुवर्षं कुजून ग्रॅनाइटवरच्या बोटभर मातीत मिसळते. ती फांदी जाळली की मातीच्या तोंडचा घास गेला. आणि एक चूल दिसली की पुढचा माणूस तिथेच जाळ करतो. पडलेलं लाकूड संपलं की मग हिरव्या फांद्यांवर हात पडतो.

चूल मोडायला शिकावं लागतं. आधी हाताची मागची बाजू राखेवर धरायची. ऊब नसेल तरच हात आत घालायचा. मग राख सावडायची. हा शब्द मनात आला तेव्हा मी दचकले होते, पण काम तसंच होतं: ओंजळीत घ्यायचं, बोटांनी चाळायचं, उरलेलं वेचायचं. अॅल्युमिनियमची फॉइल, सूपचं अर्धं जळलेलं पाकीट, वितळून गोळा झालेलं प्लॅस्टिक, हे सगळं आपल्या सॅकमध्ये. कोळसा चुरडून, राख मूठमूठ करून पाण्यापासून लांब, विरळ उधळायची.

राहतात ते दगड. चुलीतल्या प्रत्येक दगडाची एक बाजू काजळीने काळी झालेली असते आणि दुसरीवर बहुतेक वेळा दगडफूल असतं. तिथलं दगडफूल आपल्या गोड्या मसाल्यातलं नव्हे. हिरवट-पिवळे, दगडाला घट्ट चिकटलेले चपटे ठिपके. त्यातल्या काही जाती वर्षाला मिलिमीटरभरही वाढत नाहीत. तळहाताएवढा ठिपका म्हणजे कित्येक पिढ्यांचं वय. तो दगड कुठून उचलला ते शोधायचं. आसपास फिरलं की फिकट, ओलसर खळगा सापडतो. काळी बाजू खाली, दगडफूल आकाशाकडे. दगड आपल्या जागी बसला की हाताला कळतं, तो डुगडुगत नाही.

जुलैत रॅगेड पीकच्या पायथ्याशी, यंग लेक्सच्या काठी मी अशीच एक चूल मोडली. वीस मिनिटांचं काम. ऑगस्टमध्ये परत गेलो तर त्याच जागी नवी चूल, पहिलीहून मोठी. मी निगुतीने बसवलेले दगड पुन्हा उपटलेले, एकाचं दगडफूल जळून पांढरं पडलेलं. मला रडू आलं. क्रू लीडर म्हणाली, "दगड हलवलेस, पण आमंत्रण ठेवून आलीस."

मग मला ती जागा दिसली. पायांनी चोपून सपाट, टणक झालेली जमीन, मागे वाऱ्याला आडोसा, समोर तळं. तिथे कुणीही बसलं असतं. आम्ही ती जमीन कुदळीने भुसभुशीत केली, पहारेने दोन धोंडे लोटत आणले आणि त्यांचा दोन तृतीयांश भाग मातीत पुरला. वरून सुया, शंकू पसरले, एक कुजका ओंडका आडवा टाकला. अख्खी सकाळ गेली. उठून मागे पाहिलं, तर तिथे पाठ टेकावी असं वाटेल अशी वीतभर जागा उरली नव्हती.

त्याच आठवड्यात नदीकाठच्या कुरणालगत राख चाळताना बाजूच्या मातीत नखाएवढी काळी, काचेसारखी कपरी चमकली. मी उचलणार तोच क्रू लीडरने माझं मनगट धरलं. "हा कचरा नाही."

ती ऑब्सिडियनची कपरी होती. योसेमिटीचा हा माथा ग्रॅनाइटचा. ही ज्वालामुखीची काच डोंगररांगेच्या पलीकडून, पूर्वेकडून येते, म्हणजे माणसाच्या हातानेच आलेली. मोनो तळ्याकाठचे पायूट लोक घाट ओलांडून पलीकडच्या मिवॉक लोकांशी देवघेव करायचे. कुणीतरी इथे बसून बाणाचं टोक घडवलं असेल. आम्ही ठिकाण टिपून घेतलं, कपरीला हात लावला नाही आणि ती चूल तशीच ठेवली. पुरातत्त्वाच्या माणसांनी जागा पाहिल्याशिवाय तिथे हात घालायचा नव्हता.

त्या रात्री तंबूत झोप आली नाही. महिनाभर मी पुसायला शिकत होते. काय पुसायचं नाही, हे त्या मनगट धरण्याने शिकवलं. या रानाला निर्मनुष्य म्हणण्याची सवय आपल्याला लागली आहे, पण इथे माणसं राहत होती, जाळ करत होती, आणि नंतर त्यांना हुसकावलं गेलं. त्यांची खूण मी सॅकमध्ये भरली असती, तर ते हुसकावणं मीच पुरं केलं असतं.

आणि रतनगडाची चूल? तिच्याशीही माझं भांडण मिटलं. ती मांडून ठेवणारा मागून येणाऱ्याचा विचार करत होता. यंग लेक्सच्या काठी धोंडा पुरताना मीही त्याचाच करत होते, आणि त्याच्याबरोबर त्या माझ्या उंचीच्या पाइनचाही.

घरी परतले तेव्हा आई मसाल्याची तयारी करत होती. परातीत दगडफूल पसरलेलं. मी एक तुकडा उचलला. एक बाजू राखाडी, दुसरी काळी. कितीतरी वेळ मी तो उलटसुलट करत होते.

"काय बघतेस एवढं?"

"याची आकाशाकडची बाजू," मी म्हटलं, आणि तो तुकडा काळी बाजू खाली करून परातीत ठेवला.