होडीचं बूच

परवा वहिनींचा फोन आला तेव्हा मी जिंतूरला एका हार्डवेअरच्या दुकानात उभा होतो. "भाऊजी, या वयात नळाचं सामान काय घेताय?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "नळाचं नाही हो, होडीचं." त्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. दादाला त्यांनी काय सांगितलं असेल ते मी जाणतो. म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

माझी नोकरी येलदरीला झाली आणि निवृत्तीनंतरही मी इथेच राहिलो, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ साली पुरं झालं. त्या पाण्यावर मासेमारी करणारी बरीच पोरं माझ्या हाताखालून गेली. त्यातलाच एक आता चाळिशीला टेकलाय. आधी थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकायचा. दोन वर्षांपूर्वी त्याने कुणाची तरी जुनी फायबरची होडी घेतली. इंजिन नाही, वल्ह्यावरचीच.

या होडीच्या मागच्या अंगाला, अगदी तळाशी, एक भोक असतं. मला पहिल्यांदा हे भलतंच वाटलं. होडीला मुद्दाम भोक? पण होडी काठावर ओढून ठेवली की पावसाचं पाणी आत साठतं, आणि एवढं वजन उलटं करणं दोघा माणसांच्या आवाक्यातलं नसतं. तेव्हा बूच काढायचं, पाणी आपोआप वाहून जातं. पाण्यात लोटण्याआधी बूच परत बसवायचं. बस्स.

तर ह्याने पावसाळ्यात बूच काढून घरातल्या कोनाड्यात ठेवलं. मधे घराला गिलावा झाला. कोनाडाही बुजला आणि बूचही गेलं. मग गड्याने काय करावं? मक्याच्या बुरकुंडाला चिंधी गुंडाळली आणि आतून ठोकून दिली. महिनाभर चाललं.

पौषातल्या एका सकाळी बापलेक जाळी काढायला गेले. मुलगा बारा वर्षांचा, शिकायला जिंतूरला असतो, सुटीला आलेला. धरणाकाठचा असून त्याला पोहता येत नाही. भर पाण्यात तो बोळा सुटून आत आला. साहजिकच आहे, पाण्याचा दाब बाहेरून आत, आणि ह्याने बोळा ठोकला होता आतून! मुलाने चिंधी शोधण्यात वेळ घालवला नाही. सरळ टाच त्या भोकावर दाबून धरली. बापाने वल्हं मारलं ते काठ येईपर्यंत. मुलगा खाली उतरला तेव्हा त्याचं पाऊल बधिर झालेलं आणि टाचेवर गोल वळ.

त्याच संध्याकाळी बाप माझ्याकडे आला. "गुरुजी, ह्याचं बूच कुठं भेटंल का बघा. तुमची वळख लई आहे."

मी बी. ए. मराठीवाला. पण शाळेत विज्ञानाची जागा रिकामी असताना काही वर्षं तोही विषय शिकवला होता. टॉरिचेलीचं सूत्र जुन्या वहीत सापडलं. २१ मिलिमीटरचं भोक वीतभर पाण्याखाली असेल, तर मिनिटाला पंचवीसेक लिटर पाणी आत येतं. म्हणजे जवळजवळ दोन बादल्या. हिशेब मांडला आणि मी वही मिटली. सौ.ला काही बोललो नाही.

त्या रात्री आणखी एक गोष्ट डोक्यातून जाईना. हॉलंडमधल्या मुलाची, बांधाच्या भोकात रात्रभर बोट घालून गाव वाचवणाऱ्याची, गोष्ट मी वर्षानुवर्षं वर्गात सांगितली. खरी म्हणून सांगितली. पुढे कळलं की ती मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेच्या १८६५च्या कादंबरीमुळे जगभर पसरली, इतिहासात तसं काही घडलेलं नाही. सांगताना माझा आवाज भरून यायचा. तो बांध कोणी राखायचा होता, हे एकाही पोराने विचारलं नाही आणि मीही कधी काढलं नाही. आमच्या होडीवाल्याने ती माझ्याकडूनच ऐकलेली. मुलाला त्याने सांगितली होती का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही.

असो. शोध सुरू झाला. अमेरिकेतल्या पुतण्याला विचारलं. तो म्हणाला, "काका, इथे एक इंची भोकाला रबरी बूच मिळतं, वरची कळ दाबली की रबर फुगून घट्ट बसतं." आमचं भोक एक इंची नाही. शिवाय त्याच्या पितळी कड्याला आतून आटे आहेत, तिथे रबर कितपत धरेल? जिंतूरच्या दोन दुकानांत "एकवीसचं काही येत नाही, वीस घ्या नाही तर पंचवीस घ्या" असं ऐकून परतलो. (विसाचं घेऊनही पाहिलं. खुळखुळलं.)

तिसऱ्या दुकानात एक म्हातारा प्लंबर बसला होता. त्याने कागदावरचं माप पाहिलं आणि हसला. "गुरुजी, हे अर्धा इंची आहे."

मी म्हटलं, "अहो, अर्धा इंच म्हणजे साडेबारा-तेरा मिलिमीटर!"

"नाव पाइपाच्या आतल्या पोकळीचं असतं. आटे बाहेरून पाडतात. ते एकवीसच भरतात."

पन्नास वर्षं अर्धा इंची नळाचं पाणी प्यायलो आणि हे मला माहीत नव्हतं! त्याने पितळेचा प्लग काढून दिला. लोखंडाचा घेऊ नका म्हणाला, गंजून कड्यातच अडकेल. बरोबर रबरी वायसर आणि टेफलॉन टेप. "बसला तर पैसे द्या."

दुसऱ्या दिवशी उथळ पाण्यात होडी लोटली. मुलगा भोकाशी उकिडवा बसून तासभर बघत राहिला. एकदा बोट फिरवलं, आम्हाला दाखवलं. कोरडं. बापाने प्लगला नायलॉनची दोरी बांधून तिचं दुसरं टोक होडीच्या कडीला अडकवलं. मी मुलाला म्हटलं, आता सुटीत पोहायला शिकायचं. त्याने बापाकडे पाहिलं. बाप म्हणाला, "शिकवतो, गुरुजी. उद्यापासून."

प्लंबरचे पैसे द्यायला गेलो तेव्हा मी आणखी एक प्लग घेतला. वहिनींचा फोन आला तो नेमका त्याच वेळी. तो देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलाय आणि मुलाला जागा दाखवून ठेवली आहे.