गोवा, व्हाया कोपर

कोपरला राहतो म्हटलं की ऑफिसात हमखास प्रश्न येतो, 'म्हणजे कोपरखैरणे ना?' नाही हो! ते नवी मुंबईतलं. आपलं कोपर दिवा आणि डोंबिवलीच्या मधलं, जिथे फास्ट लोकल थांबायचं नाव घेत नाही. पण या छोट्या स्टेशनाची एक स्टाइल आहे. ते चक्क डबलडेकर आहे! खालून कल्याणच्या स्लो लोकल आणि डोक्यावरून दिवा-वसईची गाडी.

आता गंमत बघा. वरची गाडी पकडून वसईला गेलात की समोर पोर्तुगीजांचा किल्ला, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये जिंकलेला. आणि खालची लोकल पकडून एकच स्टेशन मागे, दिव्याला आलात की सकाळी लवकर सुटणारी सावंतवाडीची गाडी. सावंतवाडी म्हणजे गोव्याचा उंबरठाच, आणि तिथे पोर्तुगीज १९ डिसेंबर १९६१ पर्यंत होते. म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या आजी-आजोबांची लग्नं झाली तरी गोव्यात सालाझारचंच राज्य!

'दिल चाहता है' आला २००१ साली आणि तेव्हापासून आपल्या पिढीने शापोऱ्याच्या किल्ल्यावर बसून फोटो काढायचं व्रतच घेतलं. या वेळी मात्र ठरवलं, बीच नाही. एका मास्तरांच्या मागावर जायचं.

त्याआधी थोडं लिस्बन. घाबरू नका, लेक्चर नाही. अंतोनियो सालाझार हा मूळचा अर्थशास्त्राचा प्राध्यापक, १९३२ मध्ये पंतप्रधान झाला आणि १९६८ पर्यंत खुर्ची सोडली नाही. माणूस प्राध्यापक, त्यामुळे राज्य करायला सुरुवात कुठून करायची हे त्याला बरोबर ठाऊक होतं: वर्गातून! १९३६ मध्ये 'मोसिदादे पोर्तुगेझा' नावाची युवा संघटना निघाली. पोर्तुगालमधल्या सात ते चौदा वर्षांच्या मुलांना सक्तीची. हिरवा शर्ट, कवायत, हात पुढे करून सलाम आणि पट्ट्याच्या बकलवर 'एस'. अधिकृत अर्थ 'सेवा', पण लोक जे समजायचे ते समजायचेच. दोन वर्षांनी, १९३८ मध्ये, प्राथमिक शाळांत 'सालाझारचा धडा' नावाची सात रंगीत पोस्टर्स वाटली गेली. मंत्र एकच, देव-देश-कुटुंब. आपल्याकडे टीम-बिल्डिंगला एकसारखे टी-शर्ट वाटतात त्याची आठवण झाली. फरक इतकाच, की आपल्याला संध्याकाळी घरी सोडतात.

गोव्यात सरकारी शिक्षण म्हणजे पोर्तुगीज शिक्षण. पणजीचं लिसेव १८५४ पासूनचं, फार नावाजलेलं. तिथे शिकायचं ते पोर्तुगालचं. फोंड्याकडच्या खेड्यांत मात्र गावकऱ्यांच्या जिवावर खासगी मराठी शाळा चालत आणि त्यांना मास्तर बऱ्याचदा घाटावरून किंवा कोकणातून यायचे.

असाच एक तरुण मास्तर पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला सांगलीहून सावईवेऱ्याला आला. मूळ नाव मनोहर आपटे. गोव्यात तो मोहन रानडे झाला. वय विशीतलं, म्हणजे आपण पहिला जॉब सोडून दुसरा शोधत असतो ते! दिवसा मुलांना मराठी शिकवायची आणि बाकी वेळ आझाद गोमंतक दलाचं काम. हे काम म्हणजे पत्रकं वाटणं नव्हे, पोलीस ठाण्यांवर आणि जकात नाक्यांवर सशस्त्र हल्ले.

मास्तरांच्या हातात बंदूक, हे मला पटतं का? खरं सांगायचं तर पटकन नाही. आपल्या वर्गातली मुलं दुसऱ्या दिवशी कोणाच्या तावडीत सापडतील, हा विचार त्यांच्या मनात आलाच असणार. पण दुसरी बाजूही बघायला हवी. तिथे सभा घ्यायला बंदी होती. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी सेन्सॉरला दाखवावी लागे! १८ जून १९४६ ला मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले आणि लगेच पकडले गेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये डॉ. पुंडलिक गायतोंडे एका मेजवानीत नुसतं 'माझा निषेध आहे' म्हणाले, तर त्यांची रवानगी थेट पोर्तुगालला. १५ ऑगस्ट १९५५ ला नि:शस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडून आत गेले, त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. बांद्याहून गोव्यात शिरताना पत्रादेवीला त्या हुतात्म्यांचं स्मारक लागतं. बहुतेक गाड्या तिथून भुर्रकन निघून जातात. थांबा. पाच मिनिटांनी बीच पळून जात नाही.

पणजीहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की बेती. फेरी इतकी छोटी, की भेळ संपायच्या आत पलीकडचा काठ येतो. याच बेतीच्या पोलीस चौकीवर ऑक्टोबर १९५५ मध्ये हल्ला झाला आणि रानडे मास्तर जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षं! पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं, लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात. त्यातली काही वर्षं एकांतवासाची.

खरा धक्का तर पुढेच आहे. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये निवडणूक झाली, दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि गावोगावी प्राथमिक शाळा निघाल्या. ज्यासाठी मास्तर गेले होते ते सगळं होत होतं आणि मास्तर अजून आतच! सुधीर फडके, होय, आपले गीतरामायणवाले बाबूजी, त्यांच्या सुटकेसाठी धडपडत होते. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी तर पोपकडेच शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले तेव्हा ते चाळिशीला टेकले होते. त्यानंतर पाच वर्षांनी, एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये क्रांती झाली, काशियशचे दरवाजे उघडले आणि हिरव्या शर्टांची ती संघटनाही गुंडाळली गेली. मास्तरांना २००१ मध्ये पद्मश्री मिळाली. २५ जून २०१९ ला पुण्यात ते गेले.

सावईवेऱ्याला जायचं तर पणजीहून फोंडा आणि तिथून पुढे छोटी बस. गाव हिरवंगार, माडापोफळीच्या बागांचं. अनंताचं देऊळ आहे, तिथे निवांत बसा. मसाल्याच्या बागेतलं जेवणही मस्त. जमलं तर मंगळवारी-बुधवारी जा, शाळा भरलेली असते. शाळा सुटताना पोरांचा जो काही कल्ला होतो तो ऐकायचा, आणि मग फोंड्याची शेवटची बस किती वाजता आहे हे आधीच कंडक्टरला विचारून ठेवायचं. रिक्षावाल्यांच्या भरवशावर राहू नका.