जोर नको, लाजही नको

चि. समीर,


जे तुला फोनवर धड विचारताही आलं नाही, ते इथे सरळ लिहितो. शिश्नाची पुढची कातडी मागे न सरणं, म्हणजे फायमोसिस, हा पुरुषत्वातला उणेपणा नव्हे. तो कातडीचा प्रश्न आहे आणि बहुतेकदा शस्त्रक्रियेशिवाय सुटतो. जन्मतः ही कातडी बोंडाला चिकटलेलीच असते आणि वयाबरोबर सुटत जाते. डेन्मार्कमधल्या शाळकरी मुलांची वर्षानुवर्षं तपासणी करून याकोब ओस्टर यांनी 1968 साली निष्कर्ष मांडले: सहा-सात वर्षांच्या मुलांत हा घट्टपणा सुमारे 8 टक्के, तर सोळा-सतराव्या वर्षी 1 टक्का. म्हणूनच लहान मुलाची कातडी आंघोळीच्या वेळी ओढून मागे करायचा घरोघरचा उद्योग घातक आहे. ओढण्याने चीर पडते, चीर भरताना व्रण धरतो, आणि व्रणाची कातडी आधीहून घट्ट होते. ‘लग्न झालं की आपोआप सैल होतं’ हा सल्लाही याच कारणाने टाकाऊ ठरतो.

पहिला उपाय मलमाचा. बीटामेथासोनसारखं स्टेरॉइड मलम डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, साधारणतः दिवसातून दोनदा, चार ते आठ आठवडे घट्ट कड्यावर पातळ लावायचं आणि दुखणार नाही इतपतच कातडी रोज ताणायची. स्टेरॉइड या शब्दाने दचकू नकोस. एवढ्याशा जागेवर, ठरावीक मुदतीपुरतं ते सहसा सोसतं. भीती बाळगायची ती मनानेच महिनोन्‌महिने लावत राहण्याची. घाई न करण्याचं हे शहाणपण जुनंही आहे. सुश्रुतसंहितेत निरुद्धप्रकश या नावाने आलेल्या याच विकारावर तूप लावलेली नळी घालून दर तीन दिवसांनी जाडी वाढवायला सांगितलं आहे, आणि छेद द्यायचाच तर मधली शिवण वाचवून. (नळीचा प्रयोग घरी करू नये, हे वेगळं सांगायला नकोच.)

बोंडाखालचा कातडीचा पट्टा, फ्रेन्युलम, आखूड असेल तर गोष्ट निराळी. कातडी मागे जाते, पण बोंड खाली वाकतं, आणि संबंधाच्या वेळी तो पट्टा फाटून बरंच रक्त येऊ शकतं. त्याला पुरुषाचं ‘सील’ समजणं शुद्ध अडाणीपणा. वारंवार फाटत असेल तर जागा बधिर करून तिथे आडवा छेद देतात आणि तो उभा शिवतात. लांबी वाढते, कातडी राहते. त्याच दिवशी घरी जाता येतं, पुढे काही आठवडे संबंध टाळायचे.

‘मग एकदाची सुंताच करून मोकळं का होऊ नये?’ या प्रश्नात तथ्य आहे. कड पांढरी, कडक झाली असेल, म्हणजे लायकेन स्क्लेरोसस असेल, तर सुंता हाच बहुधा खात्रीचा इलाज. तिथे धर्म मध्ये आणू नये. पण प्रत्येक घट्ट कातडीला तोच न्याय लावला, तर मलमाने सुटणारी माणसंही टेबलावर जातील. उलट, आधी सैल असलेली कातडी मोठेपणी घट्ट होऊन चिरू लागली, तर आधी रक्तातली साखर तपासावी. कधीकधी मधुमेह असा उघडकीस येतो.

एकच प्रसंग थांबण्याचा नाही. मागे सरलेली कातडी बोंडामागे अडकली, सूज चढू लागली आणि हाताने पुढे येईना, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. एरवी यूरॉलॉजिस्टची रीतसर वेळ घे, आणि आधी मलमाचा विषय काढ.

तुझा,
मामा