पॉयरोची मिशी आणि धुळे पॅसेंजर

२०१७च्या जूनमध्ये केनेथ ब्रानाच्या ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’चा ट्रेलर आला, तेव्हा जळगावकर आभाळाकडे डोळे लावून बसले होते आणि मोबाइलच्या पडद्यावर बर्फ कोसळत होता. अगाथा ख्रिस्तीची ही कादंबरी १९३४ची. खून कुणी केला हे वाचणाऱ्या जगाला कधीचं ठाऊक आहे. तरीही जळगाव-धुळ्यातल्या आम्हा चार-सहा रहस्यकथावेड्यांच्या फोनाफोनीला ऊत आला. अमका प्रसंग कसा घेतील, तमका ठेवतील की कापतील? ‘शेवट माहीत असलेला सिनेमा काय बघायचा?’ असं घरच्यांनी विचारलंच. हरिश्चंद्राचं पुढे काय होतं हे ठाऊक नसल्यामुळे कुणी कीर्तनाला बसत नाही, एवढंच उत्तर आमच्याकडे होतं.

पहिला वाद अर्थातच मिशीवरून. याच कादंबरीवरचा सिडनी ल्युमेटचा चित्रपट १९७४ला आला होता आणि त्यात अल्बर्ट फिनी ख्रिस्तीचा गुप्तहेर हर्क्यूल पॉयरो झाला होता. स्वतः ख्रिस्तीबाईंना तो आवडला. तक्रार एकच, मिशी हवी तेवढी भारदस्त नव्हती. ब्रानाने ती उणीव व्याजासकट भरून काढली होती. त्याची करडी, दुहेरी मिशी गालांवरून कानांकडे निघालेली. आमच्यातल्या निम्म्यांना ती हास्यास्पद वाटली. मला वाटली नाही. स्वतःच्या मिशीवर एवढं प्रेम करणारा माणूस जरासा हास्यास्पद दिसलाच पाहिजे.

प्रत्येकाचा राखून ठेवलेला प्रसंग मात्र वेगळा होता. मला हवा होता जळका कागद. ही कादंबरी मी कॉलेजात असताना चाळीसगाव-धुळे पॅसेंजरमध्ये वाचली. जामदा, राजमाने, शिरूड, मोहाडी अशी एकेक स्टेशनं मागे पडत होती, खिडकीतून गरम वारा येत होता आणि पुस्तकातली गाडी युगोस्लाव्हियात विंकोव्हत्सी आणि ब्रॉड यांच्या मधे बर्फात रुतून बसली होती. मेलेल्या माणसाच्या डब्यात पॉयरोला कागदाचा करपलेला कपटा मिळतो. तो जुन्या पद्धतीची, आत तारेची जाळी असलेली हॅट ठेवायची पेटी मागवतो. जाळीच्या दोन तुकड्यांमध्ये कपटा दाबून स्पिरिटच्या दिव्यावर धरतो. क्षणभर अक्षरं उजळतात, त्यांतून एक नाव वाचता येतं आणि कागदाची राख होते. त्या एका नावातून साऱ्या खटल्याची नाळ अमेरिकेतल्या एका जुन्या बालहत्येशी जुळते. १९३२मध्ये वैमानिक चार्ल्स लिंडबर्गच्या तान्ह्या मुलाचं अपहरण होऊन खून झाला, त्यावरून ख्रिस्तीने हा धागा उचलला. प्रसंगात धावाधाव नाही, पिस्तूल नाही. एक माणूस दिव्यावर कागद धरून उभा आहे, बस्स.

धुळ्यातल्या आमच्या एका निवृत्त शिक्षक मित्रांना जबान्या हव्या होत्या. जेवणाच्या डब्यात प्रवाशांना एकामागून एक बोलावायचं, समोर बसवायचं आणि बोलू द्यायचं. त्यांच्या मते सगळी कादंबरी तिथेच आहे. ख्रिस्ती त्यांना प्रथम मराठीतून भेटली, प्रा. मधुकर तोरडमलांच्या अनुवादांतून. ‘तरुण तुर्क म्हातारे अर्क’मुळे महाराष्ट्र तोरडमलांना नट म्हणून ओळखतो, पण ते अहमदनगरला इंग्रजीचे प्राध्यापक होते आणि ख्रिस्तीच्या कितीतरी कादंबऱ्या त्यांनी मराठीत आणल्या. त्याच वर्षी २ जुलैला ते गेले. ती बातमी वाचून या मित्रांचा फोन आला आणि त्या दिवशी मिशीचा विषय निघाला नाही.

सगळ्यात मजेदार अपेक्षा भुसावळच्या एका काकांची. ते रेल्वेत गार्ड होते. त्यांना खून, खुनी, मिशी कशातच रस नव्हता. गाडी मधेच अडकली की गार्डाने मागे चालत जायचं, सहाशे मीटरवर रुळाला एक पटाखा बांधायचा, बाराशे मीटरवर तीन, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला आवाजाने कळतं. ‘तुमचा तो गुप्तहेर डब्यात गप्पा मारतोय, पण गार्ड कुठं आहे?’ असं ते विचारत. ट्रेलर दोनदा दाखवूनही त्यांना गार्ड दिसला नाही.

गाडी अडकणं ही काही ख्रिस्तीची कल्पनेतली भरारी नव्हती. १९२९च्या हिवाळ्यात ओरिएंट एक्स्प्रेस तुर्कस्तानात चेर्केझकॉयजवळ खरोखरच बर्फात अडकून कित्येक दिवस उभी राहिली होती. १९३१च्या डिसेंबरात नवऱ्याच्या इराकमधल्या उत्खननावरून परतताना ख्रिस्ती स्वतः या गाडीत खोळंबली. पावसाने रूळ वाहून गेले होते. कसारा घाटात दरड कोसळली की मुंबईहून निघालेला खानदेशी माणूस जे भोगतो, तेच. फरक एवढाच की आपल्याकडे गाडी तासभर उभी राहिली की अख्खा डबा बोलका होतो. ‘कोन्ता गावना शेतस भाऊ?’ इथून सुरुवात होते आणि दशम्या सुटेपर्यंत समोरच्याची सोयरीक, शेत आणि कोर्टातला दावासुद्धा कळलेला असतो. पॉयरोला इतके प्रश्न विचारावेच लागले नसते.

त्या वर्षी आणखी एका गुप्तहेराची वाट पाहणं चालू होतं. २७ ऑक्टोबरला आदित्य सरपोतदारांचा ‘फास्टर फेणे’ आला. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, आणि संकटात जिभेने वाजवलेला तो ‘ट्टॉक’. मराठी घरांतल्या तीन पिढ्या या पोरावर वाढल्या. १९८७मध्ये दूरदर्शनवर सुमीत राघवनने तो साकारला होता. इथेही आमच्या याद्या तयार होत्या. प्रतापगड येणार का? चक्रीवादळ येणार का? यातलं काहीच आलं नाही. लेखक क्षितिज पटवर्धन यांनी नवीच गोष्ट रचली: मोठा झालेला फेणे, वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतला घोटाळा, आजचं पुणं. अमेय वाघचा फेणे आणि गिरीश कुलकर्णींचा अप्पा समोरासमोर येतात तेव्हा पडदा तापतो. सगळ्यात धीट कल्पना म्हणजे दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने खुद्द भा. रा. भागवतच पात्र होऊन गोष्टीत आले. पुस्तकातला आमच्या यादीतला एकही प्रसंग नाही, तरी आम्ही खूश होऊन बाहेर पडलो. फेणेचा उतावीळपणा आणि भाबडा हट्ट शाबूत होता.

‘ओरिएंट एक्स्प्रेस’ भारतात २४ नोव्हेंबरला लागला. जळगावात तो येईल का, आला तर किती दिवस टिकेल, काही सांगता येत नव्हतं. आम्ही नाशिक गाठलं.

चित्रपट देखणा होता, यात शंका नाही. ६५ मिलिमीटरच्या फिल्मवर घेतलेलं चित्रण, काचेची तावदानं, चांदीची भांडी, डोंगरातला पूल. जूडी डेंच, मिशेल फायफर, जॉनी डेप अशी मांदियाळी. पण जबान्या भराभर उरकल्या. पुस्तकात सुरा एका बाईच्या पिशवीत गुपचूप सापडतो, इथे तो तिच्या पाठीतच खुपसला. बसून बोलणाऱ्या पॉयरोला पुलाच्या लाकडी सांगाड्यातून पाठलाग करायला लावलं, वर त्याच्या दंडात गोळीही घातली. प्रेक्षक कंटाळेल ही भीती दृश्यादृश्यातून डोकावत होती. उलगड्याचा प्रसंग तर जेवणाच्या डब्यातून उचलून बोगद्याच्या तोंडाशी नेला. लांब टेबलामागे सगळे संशयित ओळीने बसवले, लिओनार्दोच्या चित्रासारखे. दिसतं छान. पण बंद डब्यात कोंडलेल्या माणसांची घुसमट उघड्यावर येताच विरून गेली.

परतीच्या एसटीत शिक्षक मित्र १९७४च्या चित्रपटातल्या इन्ग्रिड बर्गमनबद्दल बोलत राहिले. तिला थोरामोठ्या राजकन्येची भूमिका देऊ केली होती. तिने मागून घेतली ती बावरलेल्या स्वीडिश मिशनरीची. तिची सगळी जबानी ल्युमेटने जवळपास एका सलग शॉटमध्ये घेतली. कॅमेरा तिच्याभोवती हलके सरकतो, ती अडखळत बोलते. तेवढ्या कामावर तिला तिसरं ऑस्कर मिळालं. प्रेक्षक कुठे कंटाळला?

माझा निकाल असा: ब्रानाने कथा सांभाळली आणि पॉयरोची बैठक मोडली, सरपोतदारांनी कथा बदलली आणि फेणे सांभाळला. दुसरा सौदा मला परवडतो.

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून ठेवल्या आहेत. झुंजार आणि काळापहाड यांच्यावर एके काळी वाचनालयांत उड्या पडत. कुणी मराठी दिग्दर्शक त्यांच्याकडे वळणार असेल, तर एका खानदेशी प्रेक्षकाची विनंती ऐकावी: नायकाला निदान दहा मिनिटं खुर्चीवर बसवा आणि समोरच्याला बोलू द्या. आणि गोष्टीत रेल्वेगाडी असेल, तर कृपया गार्डही दाखवा. भुसावळचे काका तिकीट काढून येतील.